आपटा
आपटा (संस्कृत: अश्मंतक; शास्त्रीय नाव: बौहिनिया रेसिमोसा) हा शिंबावंत कुलातील लहान पानझडी वृक्ष आहे. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटाच्या सागवनांत, तसेच वऱ्हाडातील माळरानांवर तो नैसर्गिकरीत्या वाढतो. दसऱ्याला ‘सोने’ म्हणून याची पाने वाटली जातात. बौहिनिया हे प्रजातीनाम जोहान व कास्पर बौहिन या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ बंधूंवरून देण्यात आले. दोन खंडांचे पान हे त्या जोडीचे प्रतीक मानले जाते.

ओळख

खोड बहुधा वेडेवाकडे, साल काळसर, खडबडीत व उभ्या भेगांची, तर फांद्या खाली झुकलेल्या असतात. पान साधारण २ ते ५ सें.मी. लांब, लांबीपेक्षा रुंद, जाडसर व मागील बाजूस बारीक लव असलेले असते. उन्हाळ्यात फांद्यांच्या टोकांना फिकट पिवळसर पांढऱ्या लहान फुलांचे तुरे येतात. शेंगा जाड, किंचित वाकड्या असून न तडकता दीर्घकाळ झाडावरच राहतात.

कांचनाशी गल्लत

दसऱ्याच्या बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्याही विकल्या जातात. दोन्ही एकाच प्रजातीतील मानले जात असल्याने ही गल्लत सहज होते. कांचनाची पाने पुष्कळ मोठी, बहुधा १० सें.मी. किंवा अधिक लांबीची असतात. त्याची फुले मोठी व आकर्षक असून चपट्या शेंगा वाळल्यावर तडकतात. गुलाबी-जांभळ्या फुलांचा एक कांचन नेमका दसऱ्याच्या सुमारास बहरतो, त्या वेळी आपट्याला फुले नसतात. पिवळ्या कांचनाची पाने मात्र लहान असल्याने केवळ आकारावर विसंबणे योग्य नाही. त्याची घंटेसारखी पिवळी फुले आणि झुडुपासारखी ठेवण पाहावी. फूल हाती असल्यास शंका उरत नाही: आपट्यात दहा कार्यक्षम पुंकेसर असतात, कांचनाच्या गुलाबी-जांभळ्या जातींत तीन ते पाच.

लागवड

बियांचे कवच कठीण असते. त्यामुळे त्या गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवतात व पिशव्यांत पेरतात. रोपे पावसाळ्याच्या आरंभी लावावीत. वाढ मंद असली तरी मुळावलेले झाड अकोल्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशातही तग धरते. त्याला भरपूर ऊन लागते. काळ्या जमिनीत लावताना पाणी तुंबणारी सखल जागा टाळावी. उंची बेताची असल्याने अंगण, शाळेचे आवार व अरुंद रस्त्यांच्या कडेसाठी हा वृक्ष सोयीचा आहे. तरीही उद्यानांत त्याच्याऐवजी गुलमोहरासारख्या विदेशी झाडांनाच पसंती मिळत आली आहे.

उपयोग व संवर्धन

अंतर्सालीच्या चिवट धाग्यांचे दोर वळतात. पाने विडी वळण्यासाठी व चारा म्हणूनही वापरतात. छाटलेल्या खोडाला नवे धुमारे फुटतात, मात्र दरवर्षी होणारी ओरबाड लहान झाडांना सोसत नाही. सणासाठी पानांचा एखादा डहाळा पुरतो. अख्ख्या फांद्या तोडल्यास पुढील उन्हाळ्यातील फुलोरा व पर्यायाने बी कमी होते.