इंग्लंडमधील प्रौढ अपंगांची निवासगृहे व सार्वजनिक निधी

परावलंबी प्रौढांच्या संगोपनाचा इतिहास पाहताना शासनाने किती द्रव्य खर्च केले, हा प्रश्न सामान्यतः प्रथम विचारला जातो. ते द्रव्य कोणाच्या हाती दिले गेले, हा प्रश्न त्याहून निर्णायक ठरतो, असे इंग्लंडमधील अनुभवावरून दिसून येते.

१९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने 'पुअर लॉ' ही सुमारे साडेतीन शतकांची दरिद्रपोषणाची व्यवस्था संपुष्टात आणली. वार्धक्य, दुर्बलता वा अन्य कारणाने ज्यांना देखभालीची गरज आहे आणि ती अन्यथा उपलब्ध नाही, अशांसाठी निवासाची सोय करणे हे स्थानिक शासनसंस्थांचे कर्तव्य ठरले. ही सोय स्वयंसेवी संस्थांमार्फत करून तिचे शुल्क भरण्याचीही मुभा होती. घरी राहणाऱ्या अपंगांच्या कल्याणाची तरतूद याच कायद्याच्या २९ व्या कलमात होती. परंतु त्यांना रोख रक्कम देण्यास त्या कलमाने मनाई केली. परिणामी कुटुंबाचा आधार नसलेल्या तरुण अपंगासाठी सरकारी पैसा उपलब्ध होई तो प्रामुख्याने संस्थेतील खाटेच्या रूपाने.

त्याच वर्षी लेनर्ड चेशर या निवृत्त वैमानिकाने हॅम्पशर परगण्यातील ले कोर्ट या वास्तूत एका मरणासन्न रुग्णाची शुश्रूषा आरंभिली. त्यातून पुढे चेशर निवासगृहांची परंपरा निर्माण झाली. संस्थापकाचा हेतू निःसंशय उदार होता. तथापि, झोपण्याची वेळ कोणी ठरवावी, बाहेर जाण्यास कोणाची अनुज्ञा लागावी, यांसारख्या बाबींवरून १९६० च्या सुमारास ले कोर्टचे रहिवासी व व्यवस्थापन यांच्यात संघर्ष उभा राहिला. रहिवाशांपैकी पॉल हंट यांच्या पुढाकाराने संशोधकांना पाचारण करण्यात आले. एरिक मिलर व जेराल्डिन ग्विन यांचा अभ्यासग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. अशा संस्थेत प्रवेश म्हणजे एक प्रकारचा सामाजिक मृत्यूच होय, असे निदान त्यांनी केले. परंतु उपाय सुचविला तो संस्थांच्या सुधारणेचा. हंट यांना तो मान्य झाला नाही. निदान इतके कठोर असताना संस्थेचे अस्तित्व मात्र गृहीत धरावे, ही विसंगती त्यांना असह्य वाटली. त्याच वर्षी त्यांनी वृत्तपत्रातून अपंगांच्या स्वतंत्र संघटनेसाठी आवाहन केले.

या विचाराला आर्थिक रूप दिले ते ले कोर्टच्याच पुढील पिढीने. जॉन एव्हान्स व त्यांच्या सहनिवासींनी १९७९ साली 'प्रोजेक्ट ८१' ही योजना हाती घेतली. त्यांचा युक्तिवाद साधा होता: आपल्या निवासासाठी जे शुल्क भरले जाते, त्याच पैशातून आपण स्वतःच्या घरात मदतनीस नेमू शकतो. रोख रकमेवरील मनाई टाळण्यासाठी त्रयस्थ संस्थेमार्फत पैसे देण्याची पद्धत काढण्यात आली, आणि १९८३ साली एव्हान्स स्वतःच्या घरी राहावयास गेले.

याच दशकात राष्ट्रीय धोरणाचा ओघ मात्र उलट दिशेस होता. खासगी निवासगृहांतील गरजूंचे शुल्क सामाजिक सुरक्षा निधीतून मिळू लागल्याने, १९७९ साली सुमारे १ कोटी पौंड असलेला हा खर्च दहा वर्षांत १०० कोटींच्या घरात गेला. घरी राहणाऱ्यासाठी असा निधी सहज मिळत नसे. म्हणजे गरजेपेक्षा द्रव्याचा मार्गच माणसाचे निवासस्थान ठरवीत होता. १९९० च्या कायद्याने १९९३ पासून हा निधी स्थानिक संस्थांकडे सोपविला. रोख रकमेवरील मनाई दूर होण्यास मात्र १९९६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला.

येथे इतिहासाची सुखान्त समाप्ती झाली, असे म्हणता येत नाही. तीव्र अपंगत्व असलेल्यांना थेट साहाय्य देण्यासाठी १९८८ साली स्थापन झालेला स्वतंत्र जीवन निधी ३० जून २०१५ रोजी बंद झाला. त्याचे द्रव्य इंग्लंडमध्ये स्थानिक संस्थांना मिळाले. पण ते याच कामी खर्च करण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. हक्क व्यक्तीच्या नावे लिहिला गेला, तरी त्यामागील निधी तिच्या नावे राखला गेला नाही, तर तो हक्क किती काळ टिकेल, हा ले कोर्टच्या रहिवाशांनी उपस्थित केलेला प्रश्न त्यामुळे आजही अनुत्तरितच राहतो.