सूचना, नापसंती आणि परवानगी : मुंबईतील बांधकाम-अर्जाच्या भाषेचा इतिहास

मुंबईत घर बांधू इच्छिणाऱ्या गृहस्थाला जो कागद हाती पडला म्हणजे पेढे वाटावेसे वाटतात, त्याचे अधिकृत नाव ‘नापसंतीची सूचना’ असे आहे. मूळ इंग्रजी नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’. व्यवहारात मात्र सर्वजण ‘आय. ओ. डी.’ या आद्याक्षरांनीच त्याचा उल्लेख करतात. ‘आपण योजिलेले बांधकाम मला मान्य करता येत नाही, सबब माझी नापसंती पुढील कारणांसह आपणांस रीतसर कळवीत आहे,’ अशा आशयाचा मजकूर त्यात असतो. आणि हा नकार खिशात घालून अर्जदार समाधानाने घरी जातो. प्रस्तुत लेखकाने एकदा पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांस या कागदाचा मराठीत सारांश करावयास सांगितले, तेव्हा बहुतेकांनी ती इमारत बेकायदा ठरली असे लिहिले. इंग्रजी त्यांना उत्तम येत होते. १८८८ चा कायदा ठाऊक नव्हता.

बांधकामाचा अर्ज कसा भरावा हे सांगणारी मार्गदर्शक पुस्तके विपुल आहेत. परंतु त्या अर्जात कोण कोणास काय सांगत आहे, हा प्रश्न त्यांत सहसा येत नाही. तो प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचा आहे आणि त्याचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते.

मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा अधिनियम वारंवार दुरुस्त होऊन आजही अमलात आहे. त्याच्या ३३७ व्या कलमान्वये इमारत बांधण्याचा ज्याचा विचार असेल, त्याने आयुक्तास आपल्या त्या इराद्याची नोटीस द्यावयाची असते. ही नोटीस छापील नमुन्यावर लिहावयाची, आणि तीत इमारतीची जागा, तिचे वर्णन, तिचा उपयोग, लांबीरुंदी व उंची, तसेच बांधकामावर देखरेख करणाऱ्या इसमाचे नाव नमूद करावयाचे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या संपूर्ण कलमात मालक काही मागत नाही. तो कळवितो. मराठीत त्याचे वाक्य ‘मी अमुक ठिकाणी घर बांधणार आहे’ असे होईल. कर्ता ‘मी’, क्रियापद भविष्यकाळी, अर्थ निश्चयाचा. पुढे परवानगीचा अर्ज रूढ झाला, त्यातील वाक्य याच्या अगदी उलट घडणीचे आहे : ‘मला घर बांधण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.’ येथे ‘मी’ प्रथमेतून चतुर्थीत गेला, कर्त्याच्या जागी परवानगी येऊन बसली, आणि क्रियापदाने विध्यर्थाचे रूप घेतले. जे. एल्. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने भाषेने घडविलेल्या कृतींचा जो विचार मांडला (त्याचे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले), त्या दृष्टीने पाहता ही एकाच कृतीची दोन रूपे नसून दोन निरनिराळ्या कृती आहेत. सूचना देणाराचा हक्क गृहीत असतो. विनंती करणाराचा हक्क दुसऱ्याने दिल्यावर उत्पन्न होतो.

अर्थात १८८८ च्या कायद्याने आयुक्तास गप्प बसविले होते असे नव्हे. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याने आपली नापसंती लेखी कळविली नाही, तर मालकाने कायद्यास व उपविधींस अनुसरून कामास लागावे, अशी ३४५ व्या कलमाची योजना आहे. म्हणजे मौन ही संमती. योजिलेले काम कायद्याच्या वा उपविधींच्या विरुद्ध असेल किंवा धोकादायक ठरणार असेल, तर ३४६ व्या कलमाखाली आयुक्ताने सकारण नापसंती कळवावी आणि कोणत्या अटींवर ते काम मान्य समजले जाईल हेही त्याच पत्रात सांगावे. आपल्या कोड्याची किल्ली या शेवटच्या तरतुदीत आहे. मालक बोलणार आणि पालिका हरकत घेणार, अशी संभाषणाची रचना एकदा ठरल्यावर पालिकेला अटी घालण्याचा सरळ मार्ग एकच उरला : आधी नापसंती दर्शवायची व मग ती कशी दूर होईल ते सांगावयाचे. शहर वाढले, अटी वाढल्या, आणि अटींशिवाय सुटणारी इमारत जवळजवळ उरली नाही. अपवादासाठी घडविलेले पत्र अशा रीतीने नित्याचे परवानगीपत्र झाले. शब्द जागेवर राहिला व अर्थ उलटला, याची उदाहरणे अर्थविचाराच्या ग्रंथांत पुष्कळ सापडतात. पण शासकीय छापखान्यात असा उलटलेला शब्द इतका दीर्घकाळ टिकल्याचे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

नोटिशीच्या या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का १८९६ च्या प्लेगने दिला. मांडवी भागात साथ दिसली आणि दाट वस्तीतील काळोख्या, कोंदट खोल्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजेच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. १९३३ साली ते महानगरपालिकेत विलीन झाले. या मंडळाचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे. खोलीस उजेड व वारा मिळावा म्हणून समोरच्या इमारतीचा माथा या कोनाच्या रेषेखाली राहिला पाहिजे. सोप्या हिशेबाने, समोर जितकी उंची तिच्या निदान निम्मे मोकळे अंतर. मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी या विषयाचा हिरिरीने पुरस्कार केला. या कोनाने मालकाच्या वाक्यात एक तिसरा माणूस आणून उभा केला. ‘मी बांधणार आहे’ या विधानाला आता शेजाऱ्याच्या खिडकीचा संदर्भ आला. जुन्या नोटिशीच्या स्वाभिमानी व्याकरणाचे कौतुक करताना हे विसरता कामा नये की, ज्या चाळींत प्लेगने माणसे मेली, त्या चाळीही कोणा मालकाच्या इराद्यानेच उभ्या राहिल्या होत्या.

खरा पालट १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने झाला, आणि तो एका शब्दात पकडता येतो. तो शब्द ‘इरादा’. १८८८ च्या कायद्यात इरादा मालकाचा होता व त्याने तो पालिकेस कळवावयाचा होता. १९१५ च्या कायद्यात स्थानिक संस्था नगररचना योजना करण्याचा आपला इरादा ठरावाने जाहीर करते, आणि तो जाहीर झाला की त्या क्षेत्रातील मालकास तिच्या परवानगीवाचून बांधता येत नाही. इरादा करणारा बदलला. आता शहर योजते व व्यक्ती विचारते. १९५४ च्या अधिनियमाने स्थानिक संस्थांवर विकास योजना तयार करण्याचे कर्तव्यच टाकले, आणि ‘इरादा जाहीर करणे’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यातही कायम आहे. सरकारी जाहिरातींत तो आजही वाचावयास मिळतो.

या १९६६ च्या अधिनियमावर ब्रिटनमधील १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याची छाया स्पष्ट आहे. त्या कायद्याने तेथे जमिनीच्या विकासाचा हक्क सामान्यतः परवानगीवर अवलंबून ठेवला, आणि ‘विकास’ या संज्ञेची जी व्याख्या केली, तिचे शब्द थोड्या फरकाने आपल्या अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात उतरले आहेत. जमिनीत, जमिनीवर, तिच्या वर किंवा खाली केलेले बांधकाम, खाणकाम अथवा तत्सम काम म्हणजे विकास. आणि वापरात केलेला महत्त्वाचा बदल हाही विकासच. मराठी वाचकाची येथे गफलत होते. ‘विकास’ म्हटल्यावर आपल्याला उमलणे, वाढणे आठवते. राहत्या खोलीचे दुकान करणाराने एकही वीट हलविली नसली तरी कायद्याच्या दृष्टीने त्याने विकास केला आहे आणि त्यासाठी ४४ व्या कलमाखाली अर्ज करणे त्याचे काम होते, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीही येत नाही.

त्या अर्जावर ४५ व्या कलमान्वये निर्णय होतो. परवानगी मिळाल्यास जो दाखला देतात, त्यास ‘प्रारंभ प्रमाणपत्र’ म्हणतात. येथेही तोच उलटापालट दिसतो : १८८८ च्या ३४७ व्या कलमाप्रमाणे काम सुरू करण्याची तारीख मालक आयुक्तास कळवी, आता प्रारंभाचा दाखला नियोजन प्राधिकरण मालकास देते. तथापि जुना न्याय समूळ गेला असेही नाही. साठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानावे, अशी तरतूद या कलमातही आहे. मात्र अशी मानीव परवानगी नियमांशी तंतोतंत जुळणाऱ्या कामालाच लागू पडते. म्हणजे मौन अजून संमती आहे, पण कोणत्या कामाला संमती मिळाली हे ठरविण्याची जबाबदारी अर्जदाराच्या गळ्यात आहे. वकिलाच्या सल्ल्यावाचून या साठ दिवसांवर विसंबू नये, हे उत्तम.

मुंबईत हे दोन कायदे एकाच फायलीत नांदतात. अर्जदार १९६६ च्या कायद्याखाली विनंती करतो, पालिका १८८८ च्या कायद्याखाली नापसंती कळविते, आणि मग पुन्हा १९६६ च्या कायद्याखाली प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. उर्वरित महाराष्ट्रात, विशेषतः २०२० च्या डिसेंबरात बहुतेक राज्यास एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाल्यापासून, बांधकाम परवानगी व प्रारंभ प्रमाणपत्र हा एकच कागद असतो. पुण्याच्या अर्जदारास म्हणूनच मुंबईची फाईल गूढ वाटते.

आता प्रत्यक्ष फाईल उघडून पाहू. तिच्यात मराठीचे तीन थर स्पष्ट दिसतात. सत्तेशी संबंध आला की शब्द फारसी-अरबीतून आलेले : अर्ज, मंजुरी, परवाना, नाहरकत. यांपैकी ‘हरकत’ मोठा गमतीचा. अरबीत त्याचा अर्थ हालचाल. मराठीत तो अडथळा, आक्षेप असा झाला. आणि ‘ना’ लावून त्यातून संमतीचा दाखला तयार झाला. नापसंतीने परवानगी देणारी पालिका आणि ‘हरकत नाही’ म्हणून होकार देणारी मराठी यांचे गोत्र एकच म्हणावयास हरकत नाही. दुसरा थर गवंड्याचा : जोते, छज्जा, गच्ची, पायरी. तिसरा थर संस्कृताचा, बराचसा १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतरच्या परिभाषेचा : भूखंड, विकास, प्रारंभ, निर्देशांक.

अर्ज भरणाराने या तिसऱ्या थराशी जपून वागावे. ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ ही संज्ञा घ्या. चटई अंथरता येईल ते क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतील क्षेत्र, असे ज्याने समजून आकडे भरले, त्याचा तक्ता चुकलाच. सर्व मजल्यांवरील हिशेबात धरले जाणारे बांधीव क्षेत्र भागिले भूखंडाचे क्षेत्र, असा तो निर्देशांक आहे. भिंती त्यात येतात. चटईचा संबंध दुसऱ्याच एका संज्ञेशी, घर विकताना सांगितल्या जाणाऱ्या ‘कार्पेट’ क्षेत्राशी आहे. या निर्देशांकाची मर्यादा ओलांडणे ही काही कागदावरची किरकोळ बाब नव्हे. मुंबईतील ‘प्रतिभा’ सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या छत्तीस मजली इमारतीचे वरचे आठ मजले याच कारणासाठी पाडण्याचा आदेश झाला आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही.

अर्जाबरोबरचे नकाशे तुलनेने निःसंदिग्ध असतात, कारण तेथे भाषा रंगांची आहे. भूखंडाची सीमा जाड काळी, योजिलेले काम लाल, पाडावयाचे काम पिवळ्या तिरक्या रेषांनी, सांडपाण्याची वाट लाल तुटक रेषेने. जमिनीच्या हक्काचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणीचा नकाशा आणि हा आराखडा या तिन्हींतील क्षेत्रफळ जुळले पाहिजे. ते न जुळल्यास सर्वांत लहान आकडा धरला जातो, हे अर्जदाराने आधीच गृहीत धरून चालावे. १८८८ च्या नोटिशीतील देखरेख करणारा इसमही अजून आहे. तो आता परवानाधारक वास्तुविशारद किंवा सर्वेक्षक म्हणून सही करतो.

सर्वांत अवघड वाचन शेवटी येते, ते म्हणजे नापसंतीच्या सूचनेतील अटींचे. त्या अटी तांत्रिकदृष्ट्या नापसंतीची कारणे असल्यामुळे रूढ नमुन्यात नकारार्थी लिहिल्या जातात : भूखंडाभोवती कुंपणभिंत बांधलेली नाही, सखल जमीन भरून घेतलेली नाही, संरचना अभियंता नेमलेला नाही. काम सुरू होण्यापूर्वीच आपल्यावर आरोप ठेवले आहेत असे नवख्याला वाटते. वस्तुतः प्रत्येक ‘नाही’ म्हणजे एक ‘करा’ आहे. काही कामारंभापूर्वी, काही जोत्याच्या तपासणीनंतर, काही राहावयास जाण्यापूर्वी, असे त्यांचे गट पाडलेले असतात. पेढे वाटणारा गृहस्थ शीर्षक विसरतो ते ठीक. पण तो बहुधा हे गटही वाचत नाही. ‘प्लॅन पास झाला’ या तोंडी वाक्यात सर्व अटी विरून जातात, आणि घर विकत घेणाऱ्या कुटुंबापर्यंत तर एवढे तीनच शब्द पोहोचतात. ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या घराची कागदपत्रे लेखकास दाखविली होती. त्यांत नापसंतीची सूचना होती, प्रारंभ प्रमाणपत्र जोत्यापुरतेच होते, आणि वरच्या मजल्यांविषयी विकणाराचे तोंडी आश्वासन होते. गुरुजी तिसऱ्या मजल्यावर राहत होते.

त्यांच्या फायलीत नसलेला आणखी एक कागद म्हणजे ‘भोगवटा प्रमाणपत्र’. या सबंध व्यवहारात मराठी व्यवहारपरंपरेतून आलेला हा बहुधा सर्वांत जुना शब्द. वतनांच्या कागदांत भोगवटा म्हणजे जमिनीचा चालत आलेला प्रत्यक्ष उपभोग. तो कोणी देत नसे, तो असे, आणि साक्षीदारांनी तो सांगितला की हक्काचा पुरावा होई. सातबारावरील ‘भोगवटादार’ हा त्याचाच वारस. महानगरपालिकेच्या दाखल्यात मात्र भोगवटा आधी सुरू करता येत नाही. दाखला मिळाल्यावर तो सुरू व्हावयाचा असतो. गुरुजींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, “मग गेली अकरा वर्षे मी इथे राहतो, ते काय?”