गेंटचे विद्यापीठ

आपली न्याय्य मागणी परक्या फौजेने पुरी केली, तर ती घ्यावी की नाकारावी? पहिल्या महायुद्धातल्या बेल्जियमचा इतिहास वाचताना हा सवाल आम्हांला छळतो.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनी या तटस्थ शेजाऱ्यावर चालून गेला आणि बहुतेक सारा देश त्याने व्यापला. नगरपालिका बेल्जियनांच्याच ठेवल्या. वर महिन्याला ४ कोटी फ्रँकांची वसुली लावली. राबायचे यांनी, हुकूम त्यांचा!

उत्तरेकडच्या फ्लेमिश लोकांची भाषा डच, पण त्यांच्याच गेंट शहरातले विद्यापीठ प्रामुख्याने फ्रेंचमधून चाले. ते डच व्हावे ही त्यांची जुनी मागणी. जर्मन गव्हर्नर जनरल फॉन बिस्सिंगने ती नेमकी हेरली. इतिहासकार पॉल फ्रेडेरिक स्वतः या मागणीचे पुरस्कर्ते. तरी शत्रूच्या हातून त्यांना ते नको होते. मार्च १९१६ मध्ये त्यांना व सहकारी आंरी पिरेन यांना पकडून जर्मनीत नेले.

ऑक्टोबरात डच विद्यापीठ उघडले. त्याच महिन्यात मजुरांची सक्तीची हद्दपारी सुरू झाली. एकूण सुमारे १,२०,००० माणसे नेली. त्यांत फ्लेमिशही होतेच. मार्च १९१७ मध्ये तर भाषेवरून देशाच्या कारभाराचेच दोन तुकडे केले.

१९१८ मध्ये फौज गेली, विद्यापीठही गेले. मागणीला मात्र फितुरीचा डाग लागला. गेंट पूर्णपणे डच झाले ते १९३० मध्ये, बेल्जियमच्याच कायद्याने. फ्रेडेरिक १९२० मध्येच वारले होते.