सूर्यासमोर जुनी मॅन्युअल लेन्स फोटो ‘धुरकट’ का करते? व्हिंटेज लूक आणि बिघाड यांतला फरक असा ओळखा

दिवाळीच्या पहिल्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवर पारंपरिक कपड्यांत तरुणाई जमते. कोवळं ऊन पाठीमागून आलं की केसांना सोनेरी कड येते आणि धडाधड फोटो निघतात. हाच फोटो मिररलेस कॅमेऱ्याला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स लावून काढला, तर काळा रंग करडा दिसतो, चेहऱ्यावर पांढरट पडदा येतो आणि रंगीत ठिपक्यांची रांग उमटते.

अनेकांना हाच ‘व्हिंटेज लूक’ हवा असतो. पण प्रत्येक पांढरट फोटो म्हणजे व्हिंटेज लूक नव्हे. कधी तो लेन्सचा स्वभाव असतो, तर कधी आत वाढलेली बुरशी!

काचेत नेमकं काय होतं?

प्रकाश हवेतून काचेत शिरताना किंवा बाहेर पडताना साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश उलटा फिरतो. लेन्समध्ये एकामागे एक अनेक काचा असतात. त्यांच्यात इकडून तिकडे आपटणारा प्रकाश फोटोभर पसरला की पांढरट पडदा दिसतो, त्याला ‘व्हेलिंग फ्लेअर’ म्हणतात. तोच प्रकाश ठरावीक जागी गोळा झाला की ठिपके दिसतात, ते ‘घोस्ट’.

यावर उपाय म्हणजे कोटिंग. जर्मनीच्या झाईस कंपनीतले अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर अतिशय पातळ थर चढवण्याची पद्धत शोधली. एका थराने परावर्तन साधारण दीड टक्क्यावर येतं. १९७१ च्या सुमारास पेंटॅक्सने टाकुमार लेन्सवर अनेक थरांचं कोटिंग आणलं आणि परावर्तन आणखी घटलं.

सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांसोबत येणारी हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) हे याचं नेहमीचं उदाहरण. तिच्यात चार गटांत सहा काचा, म्हणजे हवेला लागणारे आठ पृष्ठभाग. कोटिंगच नसतं तर चौथ्या हिश्श्याहून जास्त प्रकाश वाटेतच परतला असता. साध्या कोटिंगमुळे हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास राहतं. सूर्य फ्रेममध्ये असेल तर पडदा यायला तेवढंही पुरतं.

डिजिटल कॅमेऱ्यात आणखी एक भर पडते. सेन्सरवरची काच फिल्मपेक्षा जास्त चकाकते आणि प्रकाश परत लेन्सकडे पाठवते. स्वस्त अॅडॉप्टर आतून चकचकीत असेल तर तोही हातभार लावतो.

स्वभाव की बुरशी?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीची हवा खाडीमुळे दमट, त्यात चार महिने पाऊस. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी लागायला हे वातावरण पुरेसं आहे. त्यामुळे घरातली जुनी लेन्स काढताना किंवा चोरबाजारातून विकत घेताना दोन चाचण्या कराव्यात.

• टॉर्च: अॅपर्चर पूर्ण उघडून मागून तिरका मोबाईल टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा दुधी थर म्हणजे हेझ. धुळीचे चार कण दिसले तर काळजी नको.

• सावली: सूर्य पाठीशी घेऊन सावलीतला फोटो काढा. तोही फिका आला तर दोष उन्हाचा नाही, लेन्सचा आहे. सावलीत रंग नीट आणि फक्त सूर्यासमोर पडदा, तर तो लेन्सचा स्वभाव.

हेझ बऱ्याचदा साफ होतो. बुरशीने मात्र कोटिंग खाल्लं असेल तर सफाईनंतरही डाग राहतात. म्हणून किंमत ठरवण्याआधीच टॉर्च मारलेला बरा.

पडदा कमी कसा करायचा?

ठाण्याच्या उपवन तलावावर याचा सोपा प्रयोग करता येतो. तिथे सूर्य येऊरच्या डोंगराआड मावळतो. सूर्य डोंगरावर असताना एक फोटो आणि तो कडेआड जाताच दुसरा काढला, की त्याच लेन्समधला फरक समोर येतो. थेट किरण काचेवर पडणं थांबलं की काळा रंग परत गडद होतो. बाकीच्या युक्त्याही याच तत्त्वावर चालतात:

• खोल हूड लावा, नाहीतर फ्रेमबाहेर हाताची सावली धरा.
• एक पाऊल सरकून सूर्य खांबाआड, झाडाआड किंवा माणसाच्या डोक्याआड घ्या.
• यूव्ही फिल्टर काढा, तो आणखी दोन पृष्ठभाग वाढवतो.
• समोरची काच पुसा. बोटाचा ठसाही पडदा वाढवतो.
• पडद्यामुळे फोकस पीकिंग फसतं, त्यामुळे स्क्रीनवर चित्र मोठं करून फोकस करा.

डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून थेट सूर्याकडे कधीही पाहू नये, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. तिथे लाइव्ह व्ह्यू वापरावा. लेन्स सूर्याकडे रोखून कॅमेरा ठेवून देणंही सेन्सर आणि शटरसाठी धोक्याचं आहे.

पावसाळ्यात लेन्स कुठे ठेवावी?

चामड्याच्या जुन्या केसमध्ये नको, ती ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी आणि जेल वेळोवेळी बदलावं. अधूनमधून लेन्स वापरत राहावी. कोटिंग शाबूत राहिलं, तर पुढच्या दिवाळीत फडके रोडवरच्या फोटोत पडदा हवा की नको, हे फोटो काढणाऱ्याला ठरवता येईल.