बायोनिकलचा चाहतेसमुदाय : ऱ्हासाची मीमांसा

खेळण्याची विक्री थांबली की त्याचे चाहते पांगतात, असा एक सरधोपट समज आहे. लेगो कंपनीच्या 'बायोनिकल' या मालिकेभोवती इंटरनेटवर जमलेल्या समुदायाचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. तिथे ओहोटीची कारणे ऐन भरतीतच तयार झाली होती, आणि विक्री बंद झाल्यावरही समुदायाचा गाभा शिल्लक राहिला. हे कसे घडले, याचा क्रमाने विचार करू.

१. व्याख्या

ग्राहक, चाहता आणि समुदाय या तीन संज्ञा आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. खेळणे विकत घेतो तो ग्राहक. खेळणे खाली ठेवल्यावरही ज्याच्या मनात खेळ चालू राहतो तो चाहता. एकाला पडलेला प्रश्न दुसऱ्याला स्वतःचा वाटू लागतो, तेव्हा चाहत्यांचा समुदाय होतो. या समुदायाच्या शक्ती दोन. एक, नवागताला सामावून घेण्याची. दुसरी, नवे काही घडवण्याची. सभासदांची संख्या घटणे हे ऱ्हासाचे लक्षण झाले. या दोन शक्ती क्षीण होणे हा खरा ऱ्हास.

२. उगम

डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले किर्क क्रिस्टियानसन या सुताराने १९३२ साली लेगोचा पाया घातला. एकमेकींत घट्ट बसणाऱ्या विटांचे पेटंट १९५८ चे. विटेला स्वतःची गोष्ट नसते. ती मूल रचते. २००१ मध्ये आलेल्या बायोनिकलने हा क्रम बदलला. इथे गोष्ट आधी होती आणि खेळणी तिच्या पोटातून आली होती.

या कल्पनेमागे कलादिग्दर्शक ख्रिश्चन फेबर यांचा स्वतःचा आजार होता. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीजवळच्या गाठीमुळे त्यांना औषधांवर अवलंबून राहावे लागे. आजारी शरीरात शिरून आपल्या वतीने लढणारे छोटे सैनिक, अशा रूपात ते त्या औषधांकडे पाहत. टाहू, गाली, लेवा, ओनुआ, पोहाटू आणि कोपाका हे सहा 'टोआ' नायक दुकानात उभट डब्यांतून आले. गोष्टीतही ते तशाच डब्यांतून वाहत माता नुई बेटाच्या किनाऱ्याला लागतात. मुलाने डब्याचे झाकण उघडणे हाच कथेचा पहिला प्रसंग होता. खेळणे आणि कथा यांची इतकी एकजीव बांधणी क्वचितच साधते.

३. समुदायाचे चार आधार

पहिला आधार उघड्या प्रश्नाचा. बेट कसले आहे, ज्याचे नाव बेटाला आहे तो निद्रिस्त माता नुई कोण, टोआंच्या मुखवट्यांची शक्ती कुठून येते, यातले काहीच सुरुवातीला सांगितलेले नव्हते. न्यूयॉर्कच्या टेम्पलर स्टुडिओजने २००१ मध्ये केलेला 'माता नुई ऑनलाइन गेम' टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाला. त्यात खेळणारा टोआ नसतो; तो गावोगाव भटकणारा एक साधा रहिवासी असतो. दोन टप्प्यांमधल्या रिकाम्या काळात मुले खुणा जुळवत आणि तर्क मांडत बसत. समुदाय घडला तो या वाट पाहण्याच्या काळात.

दुसरा आधार कर्त्याशी संवादाचा. कॉमिक्स आणि बहुसंख्य कादंबऱ्या लिहिणारे ग्रेग फार्श्टे चाहत्यांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे देत, आणि ती उत्तरे कथेचा भाग मानली जात. दहा वर्षांच्या मुलाने विचारलेल्या शंकेमुळे एखाद्या विश्वाचा तपशील पक्का होतो, ही त्या मुलासाठी केवढी मोठी गोष्ट! हा संवाद खेळापुरता मर्यादित राहिला नाही. २००१ मध्ये माओरी समाजाने आपल्या पवित्र शब्दांच्या वापराला आक्षेप घेतला. पुढे 'टोहुंगा' हे गावकऱ्यांचे नाव जाऊन 'माटोरान' आले आणि काही व्यक्तिनामेही बदलली. कल्पित पुराण रचतानाही कुणाच्या तरी जिवंत वारशाला हात लागू शकतो, हा धडा त्या मुलांना कोवळ्या वयातच मिळाला.

तिसरा आधार रचनेच्या मुभेचा. उखळीच्या सांध्यांमुळे एका नायकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यात बसे. त्यामुळे प्रत्येक चाहता स्वतःचा टोआ घडवू शकत होता, त्याला नाव देऊ शकत होता आणि त्याची कथा लिहू शकत होता.

चौथा आधार पहिल्या पायरीचा. छोटा संच, सहा रंग, सहा तत्त्वे, एक शत्रू मकुटा. एवढ्या शिदोरीवर कोणीही आत येऊ शके. 'मास्क ऑफ लाइट' हा २००३ चा चित्रपटही अशीच एक पायरी होता. या पायरीचे मोल कंपनीलाही कळले. २००३ आणि २००४ या वर्षांत लेगो कंपनी मोठ्या तोट्यात होती. त्या पडत्या काळात कंपनीला हात देणाऱ्या मोजक्या मालिकांत बायोनिकल होती.

४. ऱ्हासाची कारणे

पहिले कारण, प्रश्न सुटला. २००८ मध्ये रहस्य उलगडले. बेट म्हणजे समुद्रात पडलेल्या एका महाकाय यंत्रमानवाच्या, म्हणजे खुद्द माता नुईच्या, चेहऱ्यावरचे आवरण होते, आणि टोआ ज्याला जग समजत होते ते त्याचे शरीर. फेबर यांच्या मूळ कल्पनेशी हे उत्तर प्रामाणिक होते आणि चाहत्यांना ते भावलेही. मात्र ज्या कोड्याभोवती सगळे सात वर्षे बसले होते ते संपले. २००९ मध्ये कथा बारा मॅग्ना या वाळवंटी जगात गेली. तिथेही नवे प्रश्न होते, पण लहानपणापासून मनात वाढलेल्या प्रश्नाची जागा ते घेऊ शकले नाहीत.

दुसरे कारण माझ्या मते सर्वांत निर्णायक आहे. पायरी तुटली. २००९ पर्यंत चार चित्रपट, कादंबऱ्यांच्या रांगा, कॉमिक्स आणि ऑनलाइन कथा यांचा मोठा पसारा झाला होता. २००१ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा या पसाऱ्याबरोबर वाढला आणि २०१० मध्ये एकोणीस वर्षांचा झाला. त्याला प्रत्येक मुखवट्याची वंशावळ पाठ होती. त्याच वर्षी दुकानात पहिल्यांदा शिरलेल्या सात वर्षांच्या मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते. जुन्यांची श्रीमंती नव्यांपुढे भिंत होऊन उभी राहिली. ही भिंत कोणी वैराने बांधली नव्हती. प्रेमाने जमवलेल्या तपशिलांचीच ती रास होती. म्हणूनच ती वाढताना कोणाच्या लक्षात आली नाही.

तिसरे कारण, संवाद तुटला. मालिका थांबवण्याचा निर्णय नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर झाला, शेवटचे संच २०१० मध्ये आले आणि त्यांची जागा 'हीरो फॅक्टरी' या दुसऱ्या मालिकेने घेतली. फार्श्टे यांनी इंटरनेटवर चालू ठेवलेल्या काही कथामालिका अर्ध्यावरच राहिल्या. उघडा प्रश्न समुदायाला जगवतो, कारण त्याचे उत्तर येणार असते. सोडून दिलेल्या प्रश्नात हा गुण नसतो. उत्तर देणारा राहिला नाही की विचारणाराही हळूहळू गप्प होतो.

चौथे कारण, साधने झिजली. विशेषतः २००८ च्या सुमाराच्या पोपटी रंगाच्या सांध्यांना नुसत्या हाताळणीने तडे जात. ज्या सांध्यावर रचनेची सारी मुभा उभी होती, तोच निकामी होऊ लागला. डिसेंबर २०२० च्या अखेरीस अॅडोबीने फ्लॅश या तंत्राचा आधार काढून घेतला, आणि त्यावर चालणारा २००१ चा तो खेळ सामान्य ब्राउझरमध्ये चालेनासा झाला. गप्पांची ठिकाणेही बदलली. विषयवार मांडलेली, वर्षांनंतरही वाचता येणारी चर्चा बंदिस्त गटांतल्या धावत्या संभाषणात विरघळली. तिथे कालचे बोलणे आज सापडणे अवघड, मग नवागताने मागचे वाचायचे कसे?

५. एक कसोटी

खेळण्यांचा अभाव हेच मूळ कारण असते, तर खेळणी परत येताच समुदायानेही उभारी धरायला हवी होती. २०१५ मध्ये ही कसोटी आपसूक लागली. तेच सहा टोआ नव्या कथेसह आणि सुधारलेल्या सांध्यांसह परतले. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर चार भागांची मालिकाही आली. त्याच वर्षी सारे पुन्हा बंद झाले. जुन्यांना नावे मिळाली, पण त्यांची कथा मिळाली नाही. नव्यांना कथा मिळाली, पण तिच्यात वर्षानुवर्षे रेंगाळावे असे रहस्य नव्हते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की ही सारी वयाची किमया आहे. मुले मोठी होतात आणि खेळणी मागे पडतात. वयामुळे जुने का गेले ते कळते, नवे का आले नाहीत ते कळत नाही. शिवाय गेलेले परतही येतात. प्रौढ लेगोचाहते किशोरवयातल्या अशा खंडाला 'अंधारयुग' म्हणतात, कारण त्यानंतर पुन्हा उजाडते हा त्यांचा अनुभव आहे. २०२३ मध्ये कंपनीने टाहू आणि गावकरी टाकुआ यांचा छोटा संच खरेदीसोबतची भेट म्हणून दिला, तोही याच परतलेल्या मोठ्यांसाठी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. याला ऱ्हास न म्हणता रूपांतर म्हणावे, असे काहीजण सांगतील. चाहत्यांनी जुने खेळ, कॉमिक्स, चित्रफिती आणि जोडणीच्या पुस्तिका गोळा केल्या. फ्लॅश बंद पडल्यावरही तो खेळ खेळता यावा अशी व्यवस्था केली. हे काम मोलाचे आहे आणि मी त्यापुढे नतमस्तक आहे. पण व्याख्येच्या कसोटीवर निष्कर्ष दुहेरीच निघतो. घडवण्याची शक्ती टिकली. सामावून घेण्याची शक्ती बरीचशी गेली.

७. निष्कर्ष

बायोनिकलचा समुदाय खेळण्यांवर जमला, प्रश्नावर जगला आणि पायरी तुटल्याने आटला. विक्री थांबणे ही या क्रमातली शेवटून दुसरी घटना होती. यातून कंपन्यांनी एक जबाबदारी ओळखावी. मुलांच्या हाती गोष्ट दिली, तर बाजार उठला तरी ती शेवटपर्यंत सांगावी आणि तिचे दफ्तर सर्वांसाठी खुले ठेवावे. चाहत्यांनीही आपल्या ज्ञानाच्या राशीतून एक वाट मोकळी ठेवावी. उद्या एखाद्या मुलाला जुन्या सामानात झाकण लावलेला तो डबा सापडेल आणि 'हा कोण?' असे ते विचारील. त्याला वंशावळ ऐकवू नका. शेजारी बसा आणि झाकण त्यालाच उघडू द्या.