कायद्याचा मसुदा लिहिणारा ग्रंथपाल

इतिहासाच्या तासाला आपण मुलांना सांगतो की अमक्या साली अमका कायदा झाला. तो कोणी मांडला, कोणी विरोध केला, हेही क्वचित सांगतो. परंतु तो कायदा प्रत्यक्ष कागदावर कोणी उतरविला, हा प्रश्न विद्यार्थी विचारीत नाहीत आणि शिक्षकालाही तो सुचत नाही. वास्तविक आपल्या मराठी अधिनियमांतील 'करील' आणि 'करता येईल' या दोन शब्दप्रयोगांत केवढे अंतर आहे! पहिल्यात अधिकाऱ्यावर बंधन आहे, दुसऱ्यात त्याला मोकळीक आहे. सभागृहातील भाषणे चार दिवसांत विरून जातात. हा एक शब्द मात्र वर्षानुवर्षे न्यायालयात उभा राहतो. तो शब्द योजणाऱ्या एका माणसाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

चार्ल्स मॅकार्थी यांचा जन्म १८७३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, ब्रॉक्टन या जोडे बनविणाऱ्या कारखान्यांच्या गावी झाला. (विस्कॉन्सिनमधूनच १९४६ साली सिनेटवर निवडून गेलेले व पुढे बदनाम झालेले जोसेफ मॅकार्थी ते हे नव्हेत.) आईवडील आयर्लंडहून आलेले. मुलाने पडेल ते काम करीत ब्राउन विद्यापीठाची पदवी मिळविली, फुटबॉलचे मैदान गाजविले, जॉर्जिया विद्यापीठाच्या संघाला दोन हंगाम तयार केले आणि शेवटी विस्कॉन्सिन विद्यापीठात येऊन फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या नामांकित इतिहासकाराच्या हाताखाली १९०१ साली पीएच.डी. संपादन केली. प्रबंधाला पारितोषिकही मिळाले. एवढे करून प्राध्यापकी नव्हेच. नोकरी मिळाली ती मॅडिसन या राजधानीच्या गावी, विधानभवनात सरकारी कागदपत्रांची सूची करण्याची!

दुसरा कोणी असता तर सूची करीत निवृत्त झाला असता. मॅकार्थींनी पाहिले की निवडून आलेले सभासद बहुधा शेतकरी, दुकानदार, छोटे वकील. मतदारांना दिलेले वचन कायद्याच्या भाषेत कसे बसवावे हे त्यांना ठाऊक नाही. उलट रेल्वे कंपन्या आणि मोठे कारखानदार यांच्या पदरी निष्णात वकील. त्यांची विधेयके तयार होऊन येत, आणि गरिबाच्या बाजूचे विधेयक शब्दाच्या चुकीने कोर्टात पडे. म्हणजे मत सर्वांना सारखे, पण लेखणी एकाच पक्षाकडे. मॅकार्थींनी इतर राज्यांचे कायदे, न्यायालयांचे निकाल, वर्तमानपत्रांची कात्रणे जमवून विषयवार लावली. सभासदाने प्रश्न विचारावा, यांनी माहिती काढून द्यावी. हळूहळू त्याच खोलीत विधेयकांचे मसुदेही लिहिले जाऊ लागले.

या कामासाठी त्यांनी जे नियम घातले ते मला फार महत्त्वाचे वाटतात. सभासदाने सहीनिशी लेखी सूचना दिल्याखेरीज एक ओळही लिहावयाची नाही. विधेयकात काय असावे याविषयी मसुदाकाराने स्वतःची कल्पना पुढे करावयाची नाही. विचार सभासदाचा, बांधणी आपली. सभासद कोणत्याही पक्षाचा असो, सेवा तीच.

बांधणीचे मोल केवढे असते याचे उदाहरण १९११ सालचे आहे. न्यूयॉर्क राज्याने आदल्या वर्षी कामगारांना अपघाताची भरपाई देणे धोकादायक धंद्यांतील मालकांवर सक्तीचे केले होते. २४ मार्च १९११ रोजी तेथील वरिष्ठ न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. दोष नसताना मालकाचा पैसा घेणे घटनेला धरून नाही, असा मुद्दा. योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी त्या शहरातील ट्रँगल कारखान्याला आग लागून १४६ कामगार, त्यांत बहुतेक तरुण मुली, मृत्युमुखी पडल्या. विस्कॉन्सिनने त्याच वर्षी तोच हेतू वेगळ्या शब्दांत बांधला. मालकाने योजनेत यावे की न यावे हे त्याच्या इच्छेवर सोडले. परंतु जो बाहेर राहील त्याला कोर्टात 'अपघात सोबतच्या कामगाराच्या चुकीने झाला' किंवा 'धोका जाणूनच त्याने काम पत्करले' असे म्हणून सुटता येणार नाही, अशी तरतूद केली. सक्ती शब्दांत नव्हती, परिणामात होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा त्याच वर्षी वैध ठरविला. (आपल्याकडे असा कायदा व्हावयास १९२३ साल उजाडले.)

शिक्षकाला विशेष आवडावे असे एक काम याच वर्षातले. औद्योगिक शिक्षणाविषयी नेमलेल्या आयोगात मॅकार्थी स्वतः होते. त्यातून झालेल्या कायद्याने, कामाला जाणाऱ्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना आठवड्याला पाच तास शाळेसाठी मोकळे सोडणे मालकांवर बंधनकारक झाले. जोड्यांच्या कारखान्यांच्या गावात वाढलेल्या मनुष्याला या पाच तासांची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पण येथेच अडचणही आहे. स्वतःचे मत नाही म्हणणाऱ्या या ग्रंथपालाने १९१२ साली 'द विस्कॉन्सिन आयडिया' हा ग्रंथ लिहून सुधारणांचा उघड पुरस्कार केला. विरोधक म्हणू लागले की हा विधेयकांचा कारखाना आहे आणि लोकांनी न निवडलेला मनुष्य राज्याचे कायदे करतो. आरोप केवळ द्वेषाचा होता असे मला म्हणवत नाही. ज्याच्या हाती शब्द आहेत त्याने उघडपणे बाजू घेतली की सभासदाला शंका येणारच. १९१४ च्या निवडणुकीत एमॅन्युएल फिलिप हे कार्यालय बंद करण्याचे आश्वासन देत गव्हर्नर झाले. मात्र काम जवळून पाहिल्यावर त्यांनी ते बंद केले नाही. लेखी सूचना आणि सही यांचा नियम येथे उपयोगी पडला असावा. कोणत्या विधेयकामागे कोण, हे कागद उघडले की दिसत होते. त्याच १९१४ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्येही विस्कॉन्सिनच्या धर्तीवर असा विभाग निघाला.

१९१८ साली मॅकार्थी सिनेटच्या उमेदवारीसाठी उभे राहिले आणि पक्षांतर्गत निवडणुकीत पडले. प्रकृती खालावलेली होती. १९२१ च्या मार्चमध्ये ॲरिझोना राज्यात प्रेस्कॉट येथे, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मॅडिसनचे ते कार्यालय नाव बदलून आजही चालू आहे. दोन्ही पक्षांच्या सभासदांची विधेयके तेथेच लिहिली जातात, आणि संमत झालेल्या कायद्यांच्या मसुद्यांचे कागद अभ्यासकांना पाहता येतात.