मुंबईतील टेनर सॅक्सोफोनवादकांचा ध्वनिमुद्रित वारसा : एक साधनचिकित्सा

भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) आणि अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) या दोघांच्याही गायनाची तबकडी मागे राहिलेली नाही. तथापि महाराष्ट्राच्या संगीतेतिहासात त्यांच्या स्थानाविषयी आजवर कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही. बुवांची गायकी मास्टर कृष्णरावांच्या गळ्यातून, बालगंधर्वांच्या पदांतून आणि गोविंदराव टेंबे यांच्या लेखणीतून पुढच्या पिढीस कळली. खाँसाहेबांची केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या गायनातून कळली. शिष्य, बंदिश आणि आठवणींचे वाङ्मय ही तीन वाहने हाताशी असल्यामुळे तबकडीवाचून इतिहासाचे फारसे अडले नाही.

याच मुंबईत, साधारणतः १९३५ ते १९६५ या तीन दशकांत, हॉटेलांच्या नृत्यगृहांतून जे सॅक्सोफोनवादक रात्रीमागून रात्री वाजवीत होते, त्यांना मात्र हा न्याय मिळत नाही. त्यांच्या नावावरील तबकड्या थोड्या; तेव्हा त्यांची कलाही थोडी आणि उसनवारीची असली पाहिजे, असे सहज गृहीत धरले जाते. हे अनुमान कितपत ग्राह्य आहे, आणि तबकडी हे या कलेचे कोणत्या प्रकारचे साधन आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सॅक्सोफोन हे अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन वाद्यनिर्मात्याचे अपत्य. १८४६ मध्ये पॅरिस येथे त्याचे एकस्व घेतले गेले. धातूचे असूनही ते वेताच्या पातीवर वाजते, म्हणून त्याची गणना क्लॅरिनेटच्या जातीत करतात. त्याच्या कुळातील टेनर हा प्रकार पुरुषाच्या कंठाशी सर्वांत जवळचा, आणि जॅझमध्ये त्याला जी प्रतिष्ठा लाभली ती १९३० नंतर. मुंबईस या संगीताचा अस्सल परिचय १९३५ च्या अखेरीस झाला. त्या हंगामात लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्यातील क्रिकेट स्मिथ या ट्रम्पेटवादकाने पुढील वर्षी स्वतःचा वृंद उभा केला आणि त्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांच्याकडे नेतृत्व गेले. या मंडळींच्या सहवासात जी स्थानिक पिढी तयार झाली तिच्यात गोमंतकीय, अँग्लो-इंडियन आणि पारशी असे तिन्ही समाज होते.

यांपैकी दोन समाजांचे धागे कोकण किनाऱ्याशीच जोडलेले आहेत, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. उत्तर कोकणात १७३९ च्या जानेवारीत तारापूरचा आणि मे महिन्यात वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला व तेथील पोर्तुगीज अंमल संपला. गोव्यात तो १९६१ पर्यंत राहिला. चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकविण्याची तेथील परंपरा अखंड चालू राहिल्यामुळे मुंबईच्या वाद्यवृंदांना वाचून वाजविणारे वादक मुख्यतः गोव्याने पुरविले. दुसरा धागा पारशांचा. संजाणपासून खाली डहाणू, तारापूरपर्यंतचा पट्टा ही त्यांची जुनी वस्ती. बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकाठी वसलेल्या त्या तारापूर गावाचे नाव आडनावाच्या रूपाने मुंबईच्या पेढ्यांवर आणि पुस्तकांच्या दुकानांवर येऊन बसले. मुंबईत स्थिरावलेल्या पारशी समाजाने पाश्चात्त्य संगीत लवकर आपलेसे केले. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये स्थापिलेला सिंफनी वाद्यवृंद हे त्याचे ठळक उदाहरण होय. ॲबी यांचा वृंद ताजमध्ये आला तो याच वर्षी.

टेनर सॅक्सोफोनवर ज्यांचे नाव त्या काळी गाजले ते रूडी कॉटन याच समाजातील. मूळ नाव कावसजी खटाऊ. रंगमंचासाठी इंग्रजी वळणाचे नाव घेण्याची तेव्हा रीतच होती. अल्दोना गावचे अँटोनियो झेवियर वाझ हे ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नावानेच ओळखले गेले. संशोधकाच्या दृष्टीने ही रीत गैरसोयीची आहे. खटाऊ या नावाने शोधू जाता पारशी रंगभूमीवरील प्रसिद्ध नट कावसजी खटाऊ हाती लागतात, आणि कॉटन या नावाने शोधू जाता हा माणूस मुंबईचा पारशी होता हेच ध्यानी येत नाही. सूचीकाराने दोन्ही नावे एकत्र नोंदविल्यावाचून ही पिढी नीट उभी राहणार नाही.

आता तबकड्यांकडे वळू. दहा इंची लाखेच्या तबकडीची एक बाजू म्हणजे सुमारे तीन मिनिटे. एवढ्यात गायन, वृंदाचा मुखडा व शेवट बसवून एखाद्या वादकास मोकळीक मिळाली तर ती आठ किंवा सोळा मात्राखंडांची. जलद लयीत, म्हणजे मिनिटास १६० ठोके धरले तर, आठ खंड १२ सेकंदांत संपतात. क्रिकेट स्मिथ यांच्या वृंदाने १९३६ मध्ये मुंबईत मुद्रित केलेली ‘ताजमहाल’ ही फॉक्सट्रॉटची तबकडी प्रसिद्धच आहे. पण ती नृत्याच्या गिऱ्हाइकासाठी आणि हॉटेलाच्या लौकिकासाठी काढलेली. रात्री चार तास चालणाऱ्या वादनाशी तिचे नाते, मैफलीशी अब्दुल करीमखाँ यांच्या तीन मिनिटांच्या तबकडीचे असते तेवढेसुद्धा नाही. खाँसाहेबांनी निदान स्वतःचे गाणे त्या मापात बसविले. हॉटेलातील टेनरवादकास मापही दुसऱ्याचे आणि गाणेही दुसऱ्याचे मिळाले.

अमेरिकेत स्थिती वेगळी होती, असे म्हणताना सावध राहावे लागते. कोलमन हॉकिन्स यांनी ११ ऑक्टोबर १९३९ रोजी ‘बॉडी अँड सोल’ मुद्रित केले. त्या एका बाजूवर जवळजवळ आरंभापासून अखेरपर्यंत केवळ टेनरचाच विस्तार आहे आणि ती लोकप्रियही झाली. परंतु अशी तबकडी तेथेही अपवादभूत होती. १ ऑगस्ट १९४२ पासून वादकसंघाने मुद्रणावर बहिष्कार घातला. मोठ्या कंपन्यांपैकी कोलंबिया व व्हिक्टर यांच्यापुरता तो नोव्हेंबर १९४४ पर्यंत टिकला. जॅझचे रूप पालटण्याची ही नेमकी वर्षे. त्यांच्यापैकी बरेच काही तबकडीवर आलेच नाही. मौज अशी की, त्याच काळात वेदरफर्ड कलकत्त्यात कोलंबियासाठी भारतीय वादकांसह तबकड्या भरीत होते. अमेरिकेतील उणीव भरून निघाली ती खाजगी प्रयत्नांनी. बिल सॅव्हरी या ध्वनितंत्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात रेडिओवरील कार्यक्रम स्वतःच्या यंत्रावर टिपले होते. हा संग्रह २०१० मध्ये हार्लेममधील जॅझ संग्रहालयास मिळाला आणि हॉकिन्स, लेस्टर यंग यांच्या वादनाचे लांब नमुने सत्तर वर्षांनी ऐकू आले.

पॉल गोन्साल्विस यांचे उदाहरण तर साधनचिकित्सेच्या वर्गात शिकवावे असे आहे. ड्यूक एलिंग्टन यांच्या वृंदातील या टेनरवादकाने ७ जुलै १९५६ च्या रात्री न्यूपोर्ट येथे एकाच रचनेत लागोपाठ सत्तावीस आवर्तने वाजविली. बारा खंडांचे एक आवर्तन धरल्यास ३२४ खंडांचा हा अखंड विस्तार. श्रोते खुर्च्यांवर उभे राहिले. परंतु वादक उभा होता तो रेडिओच्या ध्वनिक्षेपकासमोर, तबकडी काढणाऱ्या कंपनीच्या नव्हे; त्यामुळे कंपनीच्या फितीवर त्याचा स्वर दूरचा आणि क्षीण उमटला. त्याच वर्षी ‘न्यूपोर्टचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण’ म्हणून निघालेल्या तबकडीतील बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजविलेला होता. रेडिओची फीत सापडल्यावर दोन्ही जुळवून १९९९ मध्ये त्या रात्रीचा खरा आवाज प्रसिद्ध झाला. तेहेतीस वर्षांची मराठी मैफल जशी आठवणीतून सांगितली जाते तशी ही त्रेचाळीस वर्षे सांगितली जात होती, आणि आठवण तबकडीपेक्षा अधिक खरी ठरली. गोन्साल्विस १९६३ मध्ये एलिंग्टन यांच्यासमवेत भारतातही येऊन गेले. त्यांचे घराणे केप व्हर्दे बेटांतले. गोमंतकीय आडनावाशी असलेले साम्य एकाच साम्राज्याच्या दोन टोकांतून आले आहे, त्यावरून नाते जोडण्याचा मोह टाळलेला बरा.

मुंबईत असा सॅव्हरी निपजला नाही. उलट १९४७ नंतर वादकांचे स्थानच हलले. फाळणीमुळे लाहोरचे वृंद उखडले. तेथील स्टिफल्स हॉटेलात वाजविणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईस येऊन चित्रपटसंगीताचे वाद्यसंयोजक झाले. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आणि १९५० पासूनची संपूर्ण बंदी यांनी नृत्यगृहांच्या मिळकतीवर आघात केला. रात्रीची नोकरी अनिश्चित झाली तेव्हा वाचून वाजविणाऱ्या या मंडळींना दिवसाची नोकरी चित्रपटांच्या स्टुडिओत मिळाली. तिचे मोठे श्रेय पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्याकडे जाते. ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०) आणि भगवान यांचा ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत त्यांनी पाश्चात्त्य नृत्यलयीचा जो वापर केला, त्यामागे चिक चॉकलेट यांच्यासारख्यांचा हात होता. ‘अलबेला’त तर तो वृंद पडद्यावरही दिसतो. त्याच वृंदात तालवाद्ये वाजविणारे कावस लॉर्ड हेही पारशी. त्यांचे पुत्र कर्सी व बर्जोर पुढे याच व्यवसायात नावारूपास आले.

येथे एका विलक्षण विपर्यासाचा उल्लेख केला पाहिजे. डॉ. बा. वि. केसकर माहितीमंत्री असताना १९५२ मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. मुंबईच्या सॅक्सोफोनवादकाचा स्वर मुंबईकरांच्या घरात येई तो कोलंबोहून, आणि त्याच्या नावाशिवाय.

नाव नसणे हा या वारशाचा मुख्य दोष होय. तबकडीच्या चिठ्ठीवर चित्रपट, गायक आणि संगीतकार एवढीच नावे असत. ‘महल’ (१९४९) च्या प्रसिद्ध गीताच्या पहिल्या तबकड्यांवर तर लता मंगेशकरांच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते. गायिकेची ही कथा, तेथे मधल्या सुरावटीत सोळा खंड वाजविणाऱ्याची दखल कोण घेणार? शिवाय चित्रपटातील गीत आणि तबकडीवरील गीत ही पुष्कळदा एकरूप नसतात. तीन मिनिटांत बसविण्यासाठी कात्री लागे ती प्रथम एखाद्या कडव्यास आणि वाद्यांच्या मधल्या जागांना. म्हणजे सॅक्सोफोनचा जो अंश अभ्यासकास हवा, नेमका तोच तबकडीतून गळण्याचा संभव अधिक. वाद्याची ओळखही तपासून घ्यावी लागते. १९५८ मध्ये कलकत्त्याहून मुंबईस आलेले मनोहारी सिंग (१९३१–२०१०) हे चित्रपटातील सॅक्सोफोनचे सर्वांत परिचित नाव. परंतु त्यांचे मुख्य वाद्य आल्टो होते, आणि सामान्य श्रोता आल्टो व टेनर यांत भेद करीत नाही.

आणखी एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. चित्रपटातील सुरावट बहुधा कागदावर लिहून दिलेली असे. तिच्यावरून वादकाचा स्वर, दमसास, फुंकीची जात आणि स्वरास हेलकावा देण्याची लकब कळते. तत्काळ रचना करण्याची शक्ती कळत नाही. जॅझमध्ये तर तीच मुख्य. म्हणून चित्रपटगीत हे या वादकांच्या हाताचे साधन आहे, बुद्धीचे नव्हे. एखाद्या कीर्तनकाराची केवळ ‘जय जय रामकृष्ण हरी’ एवढीच फीत मिळावी आणि त्यावरून त्याच्या उत्तररंगाची परीक्षा करावी, तसा हा प्रकार होईल.

स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मनाने वाजविलेले मुद्रण हळूहळू आले. शंकर–जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाईल’ ही १९६८ ची दीर्घ तबकडी या दृष्टीने महत्त्वाची, कारण रईसखाँ यांच्या सतारीबरोबर मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन तेथे नावानिशी उभा आहे. रचना आखीव आहेत आणि राग पुष्कळदा केवळ स्वरावलीपुरता उरतो, हा आक्षेप खरा. तरी वादकास लागणारी लांबी त्याला प्रथमच मिळू लागली. ख्रिस पेरी यांच्या कोंकणी तबकड्यांत गोमंतकीय जॅझवादक आपल्या भाषेत रचनाकार म्हणून आला. १९७० च्या सुमारास ब्राझ गोन्साल्विस यांनी रागावर आधारलेले स्वतंत्र जॅझ मुद्रित केले आणि १९७८ मध्ये मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली तेव्हा सनी रोलिन्स हे टेनरचे महान वादक या शहरात वाजवून गेले. रोलिन्स यांचा मुंबईशी संबंध याहून जुना. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पवई येथील स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिले होते. १९६६ ते १९७२ या वर्षांत त्यांची नवी स्टुडिओ तबकडी नाही. पवईचा मुक्काम त्या मौनातच येतो. जगभर तबकड्यांनी प्रसिद्ध असलेल्या वादकाच्या बाबतीत हे मौन साधनेचे लक्षण मानले जाते. रूडी कॉटन यांच्या पिढीचे मौन मात्र अभावाचे लक्षण मानले जाते. मापे दोन आहेत, एवढे तरी अभ्यासकाने ओळखावे.

कामाची दिशा पाहता, पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील प्रती आणि त्याच गीतांच्या तबकड्या शेजारी ठेवून सुरावटींची तुलनात्मक नोंद करणे हे पहिले काम होय. ते लांबणीवर टाकण्यासारखे नाही. २००३ च्या आगीत संग्रहालयाच्या नायट्रेट फितींवरील अनेक जुने चित्रपट नष्ट झाले. दुसरे काम तोंडी साक्षींचे. ग्रेगरी बूथ यांनी चित्रपटवादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध केला आणि नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझचा इतिहास २०१२ मध्ये लिहिला. या दोन्ही ग्रंथांत जी नावे आली आहेत ती तबकड्यांच्या सूचींशी अद्याप गीतवार जोडावयाची आहेत. कोणत्या गीतात कोण वाजविले हे सांगू शकणारे साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत. मनोहारी सिंग २०१० मध्ये गेले, आणि ‘आराधना’ (१९६९) मधील अकॉर्डियन आपल्या हातचे हे सांगणारे कर्सी लॉर्ड २०१६ मध्ये.